धुक्यातला कानोसा: जहाजाचा भोंगा काय सांगतो आणि काय सांगत नाही

मध्यरात्रीची_पाळी

रडार असताना भोंगे कशाला, हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आलाय की शेवटी धागाच काढतोय. समुद्राशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीही वाचावा, कारण विषय खरं तर ऐकण्याचा आहे.

मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. पुढे सेकंड मेट (जहाजावरचा एक अधिकारी) झाल्यावर रात्री बारा ते चारची पाळी माझ्याकडे आली. पण सांगणार आहे ती गोष्ट त्याआधीची, थर्ड मेट म्हणून पहिल्याच जहाजावर होतो तेव्हाची. रात्री नऊच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचा, डोलकाठीचा दिवा गेला, मग मधल्या क्रेन, मग ब्रिजच्या (जिथून जहाज हाकतात ती खोली) अगदी समोरची हॅचची, म्हणजे माल उतरवायच्या तोंडांची, झाकणंसुद्धा. कॅप्टन वर आले. इंजिनरूमला कळवलं, वेग उतरवला, एक खलाशी कानोसा घ्यायला नाळेवर गेला आणि भोंगा सुरू झाला. दर दोन मिनिटांच्या आत एक लांब. आमच्या भोंग्याचा आवाज इतका खोल होता की ब्रिजची काच थरथरायची आणि तो आधी पायांना कळायचा, मग कानांना.

तासाभराने समोरून, निदान समोरून वाटावा असा, दुसरा भोंगा ऐकू आला. कॅप्टननी इंजिन थांबवलं. मी नियम घोकून नुकताच परीक्षा पास झालेलो. इंजिन थांबलं, म्हणजे आता दोन लांब द्यायचे. बटणावर बोट ठेवलं तर कॅप्टननी मनगटच धरलं.

"जहाज थांबलं का?"

"इंजिन थांबलंय, सर."

"इंजिनाचं नाही विचारलं मी. बाहेर जा आणि पाणी बघून ये."

ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाजूच्या उघड्या सज्जावर, जाऊन बॅटरीचा झोत खाली सोडला. फेसाचे ठिपके जहाजाच्या अंगाला घासून मागे चालले होते, सावकाश, पण चालले होते. माल भरलेलं जहाज इंजिन बंद केल्यावर किती वेळ सरकत राहतं हे त्या रात्री मला कळलं. मी तीनदा बाहेर जाऊन आलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा एक ठिपका झोताच्या गोलात तसाच राहिला, हलेना. आत येऊन सांगितलं, आणि मग कॅप्टन म्हणाले, "आता वाजव दोन."

तेवढ्या वेळात मी खोटं बोलणार होतो. दोन लांब भोंग्यांचा अर्थ "मी नांगरलेलो नाही, पण पाण्यात जागच्या जागी थांबलोय" असा आहे. समोरचा त्यावर विश्वास ठेवून आपला मार्ग आखतो, आणि आम्ही अजून त्याच्याकडे सरकत असतो.

आता नियम. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठीचे सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 15 जुलै 1977 पासून लागू झाले. त्यातला 35 वा नियम धुक्यातल्या आवाजांचा. खरं तर फक्त धुक्यातल्या नाही. धुरकं, पडणारं बर्फ, जोराचा पाऊस, वाळूचं वादळ, ज्या कशाने दिसणं कमी होतं ते सगळं त्यात येतं. किती मैलांच्या आत दिसेनासं झालं की भोंगा सुरू करायचा, असा आकडा नियमात नाही. तो निर्णय ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाचा. आणि दिवस असो की रात्र, स्वतः धुक्यात असा की धुक्याच्या कडेला, भोंगा द्यायचाच.

लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंदांचा, छोटा म्हणजे साधारण एक सेकंदाचा. इंजिनावर चालणारं जहाज पाणी कापत असेल तर एक लांब. थांबलेलं असेल तर दोन लांब, मध्ये साधारण दोन सेकंद सोडून. एक लांब आणि दोन छोटे हा मोठ्या कुटुंबाचा इशारा आहे: ज्याच्या हातात जहाजाचा ताबा उरलेला नाही तो, कामामुळे ज्याला सहज वळता येत नाही तो, खोल बुडाचा असल्याने उथळ पाण्यात आपला मार्ग सोडू न शकणारा, शिडाचं जहाज, मासेमारी करणारा, दुसऱ्याला ओढून नेणारा. ओढल्या जाणाऱ्या शेवटच्या जहाजावर माणसं असतील तर त्यांनी एक लांब तीन छोटे द्यायचे, शक्यतो ओढणाऱ्याच्या इशाऱ्याला लागूनच. या सगळ्यांत दोन मिनिटांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये.

नांगरलेल्या जहाजाचं वेगळं. तिथे घंटा, साधारण पाच सेकंद भराभर, दर मिनिटाच्या आत. जहाज 100 मीटर किंवा त्याहून लांब असेल तर पुढे घंटा आणि लगेच मागच्या टोकाला गाँग (ठोकून वाजवायची धातूची थाळी). दोन्ही ऐकू आले की समोर एक लांबलचक पोलादी भिंत आहे हे कळतं, आणि नाळ कुठल्या अंगाला असावी याचाही थोडा अंदाज येतो. रुतलेलं जहाज घंटेच्या आधी आणि नंतर तीन-तीन सुटे ठोके देतं.

मला कळकळीने सांगायचंय ते पुढे आहे. यातला प्रत्येक इशारा "मी कोण आहे आणि काय करतोय" एवढंच सांगतो. "मी कुठे आहे" हे एकही सांगत नाही. तरुण अधिकारी आवाज ऐकतात, त्या दिशेला बोट दाखवतात आणि मनात जहाज उभं करतात. मीही करायचो. नियम मात्र वेगळंच सांगतो. 19 व्या नियमात आहे की तुमच्या जहाजाच्या मध्यावरून काढलेल्या आडव्या रेषेच्या पुढून आल्यासारखा भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही अशी खात्री झालेली नसेल, तर वेग सुकाणू जेमतेम लागू राहील इतका खाली आणा, गरज पडली तर जहाज पूर्ण थांबवा आणि धोका टळेपर्यंत अतिशय जपून हाका. "आल्यासारखा" हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही.

ज्यांनी असे भोंगे ऐकलेत किंवा वाजवलेत त्यांनी लिहा.

प्रश्नचिन्ह

खूप छान लिहिलंय, ते फेसाच्या ठिपक्यांचं तर डोळ्यांसमोर आलं. पण माझा प्रश्न तोच राहतो. रडार आहे, एआयएसवर (जहाजाची ओळख आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) जहाजाचं नाव दिसतं, मग व्हीएचएफ रेडिओवर सरळ हाक मारून "तू कुठे, मी कुठे" का विचारत नाहीत?

मध्यरात्रीची_पाळी

@प्रश्नचिन्ह, विचारतात, आणि त्यातच घोळ होतो. "माझ्या पुढच्या जहाजाला हाक" असं म्हणून कोणी बोलावतं, आणि तिसरंच जहाज स्वतःला पुढचं समजून उत्तर देतं. मग दोघं एकमेकांशी ठरवून मोकळे होतात आणि ज्याच्याशी ठरवायला हवं होतं त्याला पत्ताच नसतो. एआयएसवर नाव दिसलं तरी ते सगळ्यांकडे नसतं. आंतरराष्ट्रीय फेरीवर 300 टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. लहान होड्यांचं प्रत्येक देशात वेगळं. लाकडी किंवा फायबरची होडी लाटांच्या गर्दीत रडारवर हरवते. अशा होडीतला माणूस वाचायचा तर त्याला आमचा भोंगा ऐकू आला पाहिजे आणि आम्हाला त्याचा.

शिवाय 5 व्या नियमात पहाऱ्याची व्याख्याच "डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या सगळ्या साधनांनी" अशी आहे. कान तिथे रडारच्या आधी येतात. म्हणून ज्या जहाजाचा ब्रिज पूर्ण बंदिस्त असतो तिथे बाहेरचा आवाज आत आणणारी यंत्रणा बसवावी लागते. बाहेर मायक्रोफोन, आत स्पीकर. ती चालू आहे ना, हे पाळी घेतानाच बघून ठेवा.

ध्वनितरंग

मी समुद्रावरचा नाही, ध्वनिशास्त्र शिकवतो. दिशा का कळत नाही ते लिहितो, कारण हे फार सुंदर आहे.

दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात जो किंचित फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. मोठ्या जहाजांचा भोंगा मुद्दाम खालच्या पट्टीत ठेवतात, कारण खालचे स्वर हवेत कमी विरतात. 200 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला 70 ते 200 हर्ट्झ, 75 ते 200 मीटरपर्यंतच्याला 130 ते 350, त्याहून लहानाला 250 ते 700. आता 100 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण 3.4 मीटर असते. आपलं डोकं त्यापुढे एवढंसं, जेमतेम वीतभर. इतकी लांब लाट डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांशी जवळजवळ एकसारखीच पोहोचते. म्हणजे जे जहाज सगळ्यात जड आणि थांबायला सगळ्यात वेळ घेणारं, त्याचीच दिशा कानाला सगळ्यात कमी कळते.

दुसरं, वेळ. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. दोन सागरी मैलांवरून यायला त्याला जवळपास अकरा सेकंद लागतात. सहा सेकंदांचा भोंगा तुमच्यापर्यंत येईतो तिकडे तो वाजवून संपलेला असतो.

आणि अंतर. मोठ्या भोंग्यासाठी दोन सागरी मैल असं नियमांत लिहिलेलं असलं तरी ते शांत हवेतलं, समोरच्या दिशेचं. वाऱ्याच्या विरुद्ध ऐकायला बसलात तर ते खूप घटतं. वर वारा जोरात आणि पाण्यालगत मंद असल्यामुळे वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. खाली आवाजाची सावली पडते. अशा वेळी डेकवरच्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि उंचावरच्याला येतं, असंही होऊ शकतं.

प्रश्नचिन्ह

म्हणजे धुकं आवाज अडवतं?

ध्वनितरंग

नाही, आणि हा समज फार जुना आहे. 1873 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी डोव्हरजवळच्या साउथ फोरलंडला भोंगे, शिट्ट्या, तोफा वाजवून बोटीतून त्या किती लांब ऐकू येतात ते मोजलं. लख्ख निरभ्र दिवशी आवाज लवकर मरायचा आणि दाट धुक्यात लांबवर पोहोचायचा, असे प्रकार त्यांना आढळले. हवेत तापमानाचे आणि बाष्पाचे असमान पट्टे असतात, ते आवाज परतवतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी वाऱ्यामुळे आवाज वळतो यावर भर दिला. दोघांचा वाद गाजला. पुढे वळण्याचंच कारण जास्त वजनदार ठरलं. समुद्रावरच्या धुक्यात बहुतेकदा खाली थंड आणि वर उबदार हवा असते, त्यामुळे आवाज उलट खाली वाकून दूरवर पोहोचायला मदतच होते. फसवतो तो वारा आणि तापमान. धुकं फक्त डोळे झाकतं.

शिडवाला

माझी नऊ मीटरची शिडाची होडी आहे. 12 मीटरपेक्षा लहान होडीला ठरलेला भोंगा-घंटा ठेवायची सक्ती नाही, पण दर दोन मिनिटांच्या आत नीट ऐकू जाईल असा काहीतरी आवाज करावा लागतो. मी हवेच्या डब्यावरचा हॉर्न वापरतो आणि एक लांब दोन छोटे हाच ठेका देतो.

धुक्यात मोठ्या जहाजाचा भोंगा यायच्या आधी मला कधी कधी त्याचं इंजिन जाणवलंय. कानांना नाही, होडीच्या बुडाला टेकलेल्या पाठीला. म्हणून होडीत इंजिन चालू असेल तर मी दर काही मिनिटांनी ते बंद करतो आणि नुसता बसून राहतो. तेवढ्या शांततेत जे कळतं ते बाकी कशाने कळत नाही.

पण माझी एक तक्रार आहे. एक लांब दोन छोटे या एकाच इशाऱ्यात इतके जण कोंबलेत की त्याचा उपयोग काय? खोल बुडाचा अडकलेला टँकर आणि माझी नऊ मीटरची होडी, दोघांचा आवाजाचा शब्द एकच! जुन्या नियमांत शिडाच्या जहाजांना निराळे इशारे होते: वारा उजव्या अंगाने येत असेल तर एक भोंगा, डाव्या अंगाने तर दोन, मागून येत असेल तर तीन, तेही दर मिनिटाच्या आत. ऐकणाऱ्याला निदान शीड कुठे भरलंय ते कळायचं.

मध्यरात्रीची_पाळी

@शिडवाला, तक्रार समजते, पण मी सहमत नाही. ब्रिजवर उभा राहून ऐकताना मला इतकंच कळायला हवं असतं की हा सहजासहजी वळणारा नाही. सांकेतिक ध्वजांच्या संहितेत हाच ठेका, एक लांब दोन छोटे, मोर्समध्ये "डी" होतो आणि त्याचा अर्थ "माझ्यापासून दूर राहा, मला वळायला अडचण आहे" असाच आहे. दोन लांब म्हणजे "एम", "माझं जहाज थांबलंय, पाण्यात सरकत नाही". पाठांतराला याहून चांगली खूण नाही.

जुन्या पद्धतीत एक भोंगा म्हणजे इंजिनाचं जहाज की उजव्या अंगाने वारा घेणारं शिडाचं, हा संभ्रमही होताच. इंजिनवाल्याचा भोंगा आणि शिडवाल्याचा हातातला हॉर्न आवाजावरून ओळखला तरच फरक कळायचा.

आणि एक गैरसमज इथेच दूर करतो, फार जणांत आहे. धुक्यात "एक लांब दोन छोटे" ऐकलं म्हणून त्या जहाजाला वाट काढून घेण्याचा हक्क मिळत नाही. शिडवाल्याला किंवा मासेमाराला इंजिनवाल्याने वाट द्यायची, हे नियम जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असताना लागू होतात. न दिसणाऱ्या जहाजांत वाट देणारा आणि मार्ग राखणारा असे दोन पक्षच नाहीत. दोघांनीही सावरायचं.

जुनी_नोंदवही

इतिहासातल्या दोन टकरी इथे यायलाच हव्यात.

29 मे 1914 च्या पहाटे, कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत "एम्प्रेस ऑफ आयर्लंड" हे प्रवासी जहाज आणि "स्टोरस्टाड" हे कोळसावाहू जहाज. दोघांनी एकमेकांचे दिवे पाहिले होते, मग मध्ये धुकं आलं. "एम्प्रेस"ने तीन छोटे भोंगे देऊन इंजिन उलटं फिरवल्याचं सांगितलं, नंतर थांबल्याचे दोन लांब दिले. तरी "स्टोरस्टाड" तिच्या उजव्या कुशीत घुसलं. जहाज चौदा मिनिटांत बुडालं आणि एक हजारांहून जास्त माणसं गेली. चौकशीत धुक्यात मार्ग बदलल्याचा आणि कॅप्टनला वेळेवर न बोलावल्याचा दोष "स्टोरस्टाड"च्या पाळीवरच्या अधिकाऱ्यावर ठेवला गेला, तर नॉर्वेतल्या चौकशीने बरोबर उलटा निष्कर्ष काढला. दोघांनी एकमेकांचे भोंगे ऐकले होते, हे विसरू नका.

दुसरी 25 जुलै 1956 ची, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर नँटकेटजवळ. "अँड्रिया डोरिया" धुक्यात होती, भोंगे देत होती, पण वेग 23 नॉटवरून (तासाला 23 सागरी मैल) जेमतेम 22 च्या आसपास उतरवलेला. समोरून येणारं "स्टॉकहोम" धुक्याच्या बाहेर होतं, त्यामुळे तिकडे भोंगा नव्हता. दोन्हींवर रडार होतं. एकाने डावीकडे वळवलं, दुसऱ्याने उजवीकडे. 51 माणसं गेली. आजच्या 19 व्या नियमात, नुसत्या रडारवर पाहिलेलं जहाज पुढच्या अंगाला असेल आणि तुम्ही त्याला मागून गाठत नसाल, तर शक्यतो डावीकडे वळू नका असं स्पष्ट लिहिलंय. आणि धुक्याच्या नुसत्या कडेला असलात तरी भोंगा द्या, हे 35 व्या नियमात.

डेक_कॅडेट

नमस्कार, मी पहिल्याच फेरीवर आहे. गेल्या महिन्यात आमचं जहाज धुक्यात नांगरून होतं आणि पुढची घंटा माझ्याकडे होती. पाच सेकंद भराभर हे ऐकायला किती सोपं वाटतं! तासाभरात मनगट भरून आलं, दोरीला धुक्याचं पाणी लागून ती हातातून निसटायची. माझी घंटा थांबली की मागून गाँग वाजायची, आणि 180 मीटर लांबून ती इतकी बारीक ऐकू यायची की आपलंच जहाज आहे हे खरं वाटायचं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणी फारच जवळ येतंय असं वाटलं तर घंटेशिवाय काही करता येतं का? आणि चालत्या जहाजावर दोन मिनिटांचा हिशोब हाताने ठेवता की यंत्रावर?

मध्यरात्रीची_पाळी

@डेक_कॅडेट, आधी शाबास. घंटेवरचं काम कोणी मोजत नाही, पण तुम्ही नांगरून आहात हे येणाऱ्या जहाजाला तीच सांगते. नांगरलेली घंटा जागची हलत नाही, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधता येतो.

जवळ येणाऱ्याला एक छोटा, एक लांब, एक छोटा असा भोंगा देता येतो, घंटेच्या जोडीला. ब्रिजवर सांगा, ते देतील. तुम्हाला नुसता भास झाला असेल तरी सांगा. "उगाच बोलावलं" असं म्हणणारा अधिकारी भेटला तरी पुढच्या वेळी पुन्हा सांगा.

दुसरं. यंत्र असतं, एकदा लावलं की ते बिनचूक वाजवत राहतं. धोका त्या बिनचूकपणातच आहे. समोरच्या जहाजाचं यंत्रही त्याच ठेक्यावर असलं आणि दोघांचे भोंगे एका वेळी वाजायला लागले, तर तुमच्या आवाजाखाली त्याचा दबून जातो आणि तासभर कळत नाही. नियम दोन मिनिटांहून जास्त खंड नको एवढंच म्हणतो, कमी चालतो. म्हणून मी मधूनमधून खंड बदलायचो. कधी दीड मिनिट, कधी सव्वा.

आणि आपला भोंगा संपल्यावर लगेच ऐकायला जाऊ नका. कान काही क्षण बधिर असतात. मनात दहा मोजा, ब्रिजवरच्या गप्पा थांबवा, वाऱ्याच्या आडोशाची विंग धरा, आणि मग कान द्या. काही ऐकू आलं तर दिशा सांगायच्या आधी ठेका सांगा: किती लांब, किती छोटे. ठेका तुम्हाला खात्रीने सांगता येतो.

डेक_कॅडेट

धन्यवाद सर. दहा मोजायचं वहीत लिहून घेतलं. नोंदवहीत काय काय लिहायचं असतं?

मध्यरात्रीची_पाळी

धुकं आल्याची वेळ, कॅप्टनना कळवल्याची वेळ, इंजिन तयारीत ठेवल्याची, वेग उतरवल्याची, जादा पहारा बसवल्याची, भोंगा सुरू केल्याची. आणि भोंगा बंद केल्याचीही. धुकं उठलं की सगळे बाहेर बघत उभे राहतात आणि ती नेमकी राहून जाते.